धागा: परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी मुलं पाठवायचं प्रवास पारितोषिक – कसं उभं करावं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, नमस्कार. खान्देशातल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघापुढे प्रस्ताव आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना तीन आठवडे परदेशात पाठवायचं. राहणं-जेवण तिकडे स्थायिक झालेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या घरी, विमानभाडं आणि वरखर्च संघाचा. ऑक्सफर्डच्या कॉलेजांमध्ये अशा प्रवासवृत्त्या असतात, तसंच काहीसं. संघाकडे तीन लाख जमतील. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आणि सिंगापूर मिळून पंधराएक घरं तयार आहेत असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिसतं. तीन लाख पुरतील का, देश कोणता घ्यावा, निवड कशी करावी? माहितगारांनी सांगावं.

भरीतभाकर
पंधरा घरं की पंधरा अंगठे? 😀

तापीपल्याड
भरीतभाकर यांनी थट्टेत विचारलं, पण सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न हाच आहे. पैसे जमतात, घरं गळतात. ग्रुपवर "अवश्य पाठवा" लिहिणं वेगळं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाला खोली देणं वेगळं. म्हणून यजमानाकडून लेखी फॉर्म भरून घ्या. त्यात काय विचारायचं: कोणत्या तारखा चालतील, स्वतंत्र खोली आहे की हॉलमधला सोफा, घरात कोण कोण असतं, कुत्रं-मांजर आहे का, जेवण शाकाहारी की दोन्ही, घर भाड्याचं असेल तर करारात पाहुण्याबद्दल काही अट आहे का, जवळचं स्टेशन किती लांब, दिवसा घर बंद असतं का आणि मग किल्ली मुलाला देणार का. किल्लीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर मूल सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एकतर कोंडलं जातं किंवा रस्त्यावर येतं.

एका घरी चार ते पाच रात्री, त्याहून जास्त नको. तीन आठवड्यांना चार घरं धरा आणि पाचवं राखीव ठेवा. यजमानाच्या घरी आजारपण आलं, नोकरीचं गाव बदललं, तर ऐनवेळी शोधाशोध नको.

शिरपूर_एक्सप्रेस
पुण्याचा सख्खा मावसभाऊ तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची वेळ विचारतो. तिथे पाच रात्री म्हणजे मोठ्या मनाचा माणूस शे भो.

सातपुड्याची_सावली
धागाकर्ते, 'शेवटच्या वर्षाच्या मुलांना' ही अट आधी काढा. शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेला मुलगा जूनमध्ये कागदावर विद्यार्थी उरत नाही. नोकरी नाही, पुढचा प्रवेश झालेला नाही. परत येण्याचं कारण काय, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं आणि व्हिसा अधिकारी तेवढंच बघतो. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घ्या. महाविद्यालयाचं पत्र मिळतं: अमुक विद्यार्थी, तिसऱ्या वर्षाचं सत्र अमुक तारखेला सुरू होतं, गैरहजेरीला हरकत नाही. शिवाय तो परत येऊन वर्षभर कॉलेजातच असतो, पुढच्या मुलांना फॉर्म भरायला मदत करतो. पदव्युत्तर पहिल्या वर्षाचाही चालेल.

आता देश.

अमेरिका: बी१/बी२, म्हणजे पाहुण्याचा व्हिसा, फी १८५ डॉलर, नाकारला तर परत नाही. डीएस-१६० नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत वेगळ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन्‌महिने लागू शकतात. कायद्याने प्रत्येक अर्जदार स्थलांतर करायलाच निघालाय असं गृहीत धरलं जातं, ते खोडून काढायची जबाबदारी अर्जदाराची. यजमानाचं निमंत्रणपत्र बंधनकारक नाही आणि त्याने फारसं वजनही पडत नाही.

इंग्लंड: स्टँडर्ड व्हिजिटर. मुलाखत सहसा नसते, सगळं कागदावर ठरतं. ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निर्णय. कागद इंग्रजीत नसेल तर भाषांतर लागतंच.

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनी वगैरे युरोपातले देश: फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

पहिल्या वर्षी एकच देश घ्या. मी तरी जर्मनी म्हणेन. ठरलेल्या यादीनुसार कागद मागतात आणि यादी वेबसाइटवर असते.

भरीतभाकर
जर्मनीत पाहुण्यासाठी यजमानाला एक फॉर्म भरावा लागतो ना, ज्याचं नाव उच्चारायला एक सत्र लागतं?

सातपुड्याची_सावली
फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. 😀 पाहुण्याचा राहण्याचा, दवाखान्याचा आणि वेळ आली तर परत पाठवण्याचा खर्च मी करीन, असं यजमान त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लिहून देतो. फी २९ युरो, सोबत पगारपत्रकं लागतात. मूळ कागद कुरिअरने भारतात यावा लागतो, कारण अर्जाला मूळ प्रतच जोडायची असते. सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. काही शहरांत त्या कार्यालयाची वेळच महिना-दीड महिना मिळत नाही, हे वेळापत्रकात धरा.

पारोळेकर
सावलीताई, थोडा मतभेद. तो फॉर्म प्रत्येक वेळी लागत नाही. मुलाच्या खर्चाची तजवीज दुसरीकडून दाखवता आली, तर यजमानाचं साधं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, एवढ्यावर अर्ज होतो. चार यजमानांनी चार शहरांत तो फॉर्म करायचा म्हटलं तर दोघं त्याच दिवशी माघार घेतील.

सातपुड्याची_सावली
बरोबर, लागतोच असं नाही. पण आपल्याकडच्या अर्जदाराची 'दुसरीकडून तजवीज' बघा. वडील कोरडवाहू शेतकरी, आयकर विवरणपत्र नाही, बँक खात्यात पीककर्जाची नोंद. अशा वेळी पहिल्या यजमानाने तो फॉर्म केला, तर अर्ज बराच भक्कम होतो. चौघांनी नको, मी एकाचंच म्हणतेय.

पारोळेकर
मान्य. मग शेतकरी घरातल्या मुलांच्या कागदांबद्दल लिहितो, कारण निम्मे अर्ज तिथेच कच्चे राहतात.

सातबारा आणि ८अ डिजिटल सहीचे काढा, उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. कापूस-केळीच्या विक्रीच्या पावत्या किंवा व्यापाऱ्याच्या पट्ट्या, आणि त्या रकमा जिथे जमा झाल्या ते खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पट्टी आणि जमा रक्कम जुळली पाहिजे. अर्जाच्या आधी आठ दिवस काकांकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे आणि तोच आकडा दाखवायचा, हा उद्योग करू नका. असा अचानक वाढलेला आकडा अधिकाऱ्याच्या लगेच डोळ्यात येतो. खात्यात चाळीस हजार असतील तर चाळीसच दिसू द्या, आणि बाकी खर्च कोण करतंय हे संघाच्या पत्रात स्वच्छ लिहा: तिकीट, विमा, रोजचा खर्च इतका, संघाकडून, राहणं-जेवण अमुक यजमानाकडून, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. यजमानाच्या पत्रातल्या तारखा, तिकिटाच्या आरक्षणाच्या तारखा आणि विम्याच्या तारखा एक दिवसानेही वेगळ्या नकोत.

नावाचं बघा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टला आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि पहिलं नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या. तिकीट, विमा आणि निमंत्रणपत्र पासपोर्टप्रमाणेच हवं. आधारवर 'Patil' आणि सनदेवर 'Pateel' अशी इंग्रजी स्पेलिंगची गंमत असेल, तर पासपोर्ट काढायच्या आधीच सुधारून घ्या.

चोपड्याचा_चहावाला
सगळं छान. पण दोन पोरांच्या तीन आठवड्यांना तीन लाख? तेवढ्यात किती मुलींचा एसटी पास आणि मेसचा खर्च निघेल ते सांगा कोणीतरी. की नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) समितीला दाखवायला फोटो हवेत?

तापीपल्याड
चहावाले, नॅकचा टोमणा रास्त आहे, माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला तिथे वेगळा निकष आहेच. पण हा पैसा परदेशातले लोक कशासाठी देतायत तेही बघा. मेससाठी मागितला तर द्यायला हवा, पण बऱ्याचदा देत नाहीत. ज्याच्या घरी आपल्या कॉलेजचं पोर चार दिवस राहून गेलं, तो पुढच्या वर्षी मेसचाही खर्च उचलतो. दोन्ही खाती वेगळी ठेवा, म्हणजे भांडण नाही.

चोपड्याचा_चहावाला
वेगळी खाती असतील तर माझी हरकत नाही. हिशेब मात्र सूचना फलकावर लावा.

पांझरा
हिशेबाचा विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं. परदेशातून पैसे घेताना देणाऱ्याचा पासपोर्ट कोणता, हे विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी नाही. पण ज्याने अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी तो कायद्याने परकीय स्रोत. त्याचे पैसे संघाने घ्यायचे तर एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवी. 'जाऊ दे, आपलाच माणूस' म्हणून जळगावच्या खात्यात घेतले, तर संघाचे पदाधिकारी अडकतात.

नोंदणी नसेल तर सोपा मार्ग: परदेशी नागरिक झालेल्यांनी पैसे देऊच नयेत, घर द्यावं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणि इथल्या लोकांनी रुपयांत द्यावं. विद्यार्थ्याने पाहुणचार घ्यायला या कायद्याची आडकाठी नाही. सोबत सरकारी महाविद्यालयातले प्राध्यापक पाठवणार असाल आणि यजमान परदेशी नागरिक असेल, तर त्यांना मात्र गृह मंत्रालयाची आधी परवानगी लागते.

दुसरं, संघ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल आणि करसवलत घेत असेल, तर खर्च भारतात रुपयांत करा. तिकीट, विमा, फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) सगळं इथे. परदेशात थेट रक्कम पाठवली की सवलतीचा प्रश्न उभा राहतो. ठराव लिहिण्याआधी सीएला दाखवा.

शिरपूर_एक्सप्रेस
म्हणजे सरांना सोबत न्यायचं नाही. हाई बेस्ट शे.

खान्देशकन्या
निवडीइतकंच सुरक्षिततेबद्दल लिहायला हवं, अजून कोणी काढलं नाही.

मुलगी जाणार असेल तर तिला एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या घरी ठेवायचं नाही, ओळख कितीही जुनी असो. दोन मुली एकत्र पाठवता आल्या तर उत्तम. निघण्याआधी यजमान, मुलगी आणि तिचे आई-वडील यांचा एकदा व्हिडिओ कॉल व्हावा, आणि त्यात यजमानाच्या घरातली बाईही बोलावी. घरातून निघाल्यावर लोकेशन सगळ्या गावाशी नको, संघातल्या एकाच व्यक्तीशी शेअर करावं.

आणि ही अट लेखी हवी: घरात नकोसं वाटलं तर मुलीने बाहेर पडायचं, हॉटेलात राहायचं, कारण नंतर. त्यासाठी दोन रात्रींचे पैसे, निदान २५० युरो, फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवा. वापरावे लागले नाहीत तर संघाला परत. ही सोय मुलांनाही लागू. युरोपात आपत्कालीन नंबर ११२, इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. भारतीय वकिलातीचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा, फोन बंद पडतो.

यजमानांनाही एक सूचना. मुलांकडून घरकामाची, बाळ सांभाळायची अपेक्षा ठेवू नका. ताट उचलणं, आपली चादर घडी करणं वेगळं. पण 'राहण्याच्या बदल्यात मुलांना सांभाळेल' असं गमतीने जरी मेसेजमध्ये लिहिलं आणि विमानतळावर अधिकाऱ्याने फोन बघितला, तर ते काम धरलं जातं आणि पाहुण्याच्या व्हिसावर काम चालत नाही.

सातपुड्याची_सावली
कन्याताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: निमंत्रणपत्रात 'इंटर्नशिप' हा शब्द अजिबात नको. यजमानाच्या कंपनीत एक दिवस जाऊन बघणं ठीक, तिथे बसून कोड लिहिणं नाही. पगार नसला तरी नाही.

फैजपूरकर
निवडीबद्दल. टक्केवारीवर करू नका, नाहीतर दरवर्षी त्याच दोन शाखांची मुलं जातील. एक पानाचं टिपण मागवा: काय बघायचंय, कोणत्या शहरात, ते इथे कशाला उपयोगी. 'जर्मन संस्कृतीचा अभ्यास' असं लिहिणारा बाद. उदाहरण सांगतो, रावेर-यावलच्या पोराने लिहावं की बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात केळी कशी उतरवतात, रायपनिंग चेंबर (फळं पिकवायच्या खोल्या) कसे चालवतात ते बघायचंय. केळी जहाजात साधारण १३ ते १४ अंशांवर आणतात. त्याखाली गेलं की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. आपल्याकडे जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतातून निघालेला घड भर उन्हात उघड्या ट्रॉलीत जातो. असा प्रश्न घेऊन गेलेलं पोर काहीतरी बघून येईल, आणि शेंगेन व्हिसा असल्याने जर्मनीहून बेल्जियमला जायला वेगळा व्हिसाही नको.

मुलाखत पंधरा मिनिटांची, समितीत एक बाहेरचा माणूस, आणि ज्याचा नातेवाईक अर्जात आहे तो समितीत नको. पासपोर्ट नाही म्हणून कोणाचा अर्ज फेटाळू नका. निवड झाल्यावर तीस दिवसांत काढायचा, १५०० रुपये फी संघाने द्यायची.

भरीतभाकर
फैजपूरकर काका, पोराने यजमानाला केळीचा घडच नेला तर?

फैजपूरकर
हसू नका, युरोपियन युनियनमध्ये खरंच नेता येतात. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातून केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढी पाचच वगळली आहेत. अडचण फक्त तीन विमानतळांनंतर बॅगेत काय उरेल एवढीच.

खान्देशकन्या
केळ्यांपेक्षा बिबडी (ज्वारीचे पापड) न्या. वजन कमी, टिकतात, पण डब्यात भरा, पिशवीत भुगा होतो. कळण्याचं पीठही चालेल. पेढे आणि तूप युरोपात नकोत, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. काळ्या मसाल्याची पुडी केबिन बॅगेत ठेवू नका. तिखटाची पूड सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ती मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही नकोत, त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका धरतात.

शिरपूर_एक्सप्रेस
खोबरं नई ते शेवभाजी कशी व्हई ताई?

तापीपल्याड
खाण्यावर गाडी गेली की धागा परत येत नाही. 😀 वेळापत्रक टाकतो. आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणून प्रवास १ ते २१ जून. तिथून मागे या:

गणपतीत जाहिरात आणि यजमानांचे फॉर्म. दिवाळीनंतर अर्जांची छाननी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवड, दोन मुलं आणि दोन राखीव. जानेवारीअखेर पासपोर्ट हातात. फेब्रुवारीत जर्मनीतल्या यजमानाने तो लांब नावाचा फॉर्म करायचा. मार्चमध्ये व्हिसा केंद्राची वेळ. तिकीट व्हिसा आल्यावरच, तोवर फक्त आरक्षण. व्हिसा नाकारला तर राखीव मुलाला पाठवायला एप्रिल हातात राहतो. पूर्वी जर्मनीच्या वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो मार्ग जुलै २०२५ पासून बंद झाला. आता नवा अर्ज किंवा कोर्ट.

जून महिन्यातच सगळा प्रवास बसवण्याचं आणखी एक कारण. डॉयचलांड टिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा प्रवासाचा पास, कॅलेंडर महिन्याचं असतं, २०२६ पासून ६३ युरो. २० मे ते १० जून असा प्रवास केला तर दोन काढावी लागतील. ते सगळ्या लोकल-रिजनल गाड्या, बस, ट्रामला चालतं, वेगवान आयसीईला चालत नाही. वर्गणी पद्धतीचं आहे, चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापतात. मूल परत आलं आणि जुलैचे ६३ युरो गेले, असं होऊ देऊ नका.

पांझरा
आता मूळ प्रश्न, तीन लाख. युरो १०५ रुपये धरून एका मुलाचा अंदाज:

विमान जूनमध्ये ७० हजार. व्हिसा फी आणि केंद्राचा आकार मिळून साडेअकरा हजार. विमा अडीच हजार. डॉयचलांड टिकीट ६,६०० रुपये. रोजचे १५ युरो याप्रमाणे २१ दिवसांचे ३३ हजार. मुंबईच्या खेपा, फोटो, भाषांतरं, कुरिअर ५ हजार. पासपोर्ट दीड हजार. बेरीज एक लाख तीस हजार. दोघांचे दोन लाख साठ. वर कन्याताईंचे राखीव २५० युरो, दोघांचे साधारण साडेबावन्न हजार. म्हणजे तीन लाखांना बारा-साडेबारा हजार कमी पडतात. राखीव रक्कम परत येईल, पण निघताना तर लागेलच.

एक गोष्ट ठरावात घाला: 'आधी खर्च करा, बिलं दाखवा, मग देऊ' ही पद्धत नको. ज्या घरात विमानाचे सत्तर हजार एकदम निघतात, त्या घरातल्या मुलासाठी हे पारितोषिक नाहीच. तिकीट आणि विमा संघाने थेट काढावा, रोजचा खर्च फॉरेक्स कार्डावर भरावा.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. प्रस्ताव असा बदलतोय: दुसऱ्या वर्षाची मुलं, फक्त जर्मनी, प्रवास जूनमध्ये, पैसे फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांकडून. ग्रुपवर यजमानांचा फॉर्म टाकला. पंधरापैकी सहा जणांनी भरला, त्यात जर्मनीतले चार.

भरीतभाकर
नऊ अंगठे. 😀

गिरणाकाठ (धागाकर्ता)
हो, मोजून. 😀 परतल्यावरच्या अहवालाची अट किती कडक ठेवावी? आणि सातबाऱ्याचं भाषांतर नोटरीकडूनच लागतं का?

फैजपूरकर
अहवाल चार पानं, परतल्यापासून तीस दिवसांत, मराठीत चालेल. प्रवासवर्णन नको. टिपणात जो प्रश्न लिहिला होता त्याचं काय झालं ते, खर्चाचा तक्ता आणि पुढच्या मुलांसाठी पत्ते-वेळा-भाडी. ऑगस्टमध्ये ज्युनिअर मुलांसमोर अर्धा तास बोलायचं.

पारोळेकर
भाषांतर नोटरीचंच हवं असं सगळीकडे नाही, ज्या त्या देशाची यादी बघा. पण प्रत्येक पानावर 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क असू द्या. इंग्लंडला तर हे सगळं लागतंच. आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, त्याचं एकरात रूपांतर करू नका. मूळ आकडा तसाच ठेवा, नाहीतर दोन कागदांवर दोन क्षेत्रफळं दिसतात.